मॉनिटर झोपेतून उठत नाही तेव्हा
(संगणक दुरुस्ती शिकणाऱ्या तरुणांसाठी)

संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान टाकण्याचा विचार आपले अनेक होतकरू तरुण करतात. भांडवल थोडे लागते, जागा थोडी लागते आणि हात चालत असेल तर हलाल रोजीचे हे एक चांगले साधन आहे. परंतु धंदा चालतो तो खराबी अचूक ओळखण्यावर. आज अशाच एका खराबीचा धडा घेऊ, जी दुकानात वारंवार येते आणि जिच्यात कारागिराचे ज्ञान आणि इमान दोन्ही तपासले जातात. संगणक थोडा वेळ मोकळा राहिला, पडदा काळा झाला, गिऱ्हाइकाने माऊस हलवला, बटणे दाबली, तरी पडदा काळाच!

ओळखीचे एक चाचा झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचे दुकान चालवतात. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस होते आणि दारात पोरांची रांग. मॉनिटर सकाळी उठेना. बटण तीन-चार वेळा दाबले की कसाबसा लागायचा, मग दिवसभर ठीक. एका कारागिराने पाहताच सांगितले, "चाचा, पॅनेल गेला. नवा घ्या, जुना मी भंगाराच्या भावात नेतो." चाचांनी उसने पैसे घेऊन नवा आणला. जुना मॉनिटर महिन्याभराने दुसऱ्या एका दुकानात व्यवस्थित चालताना दिसला. त्यात फक्त दोन कपॅसिटर बदललेले होते. कारागिराला खराबी कळली नव्हती की कळूनही तो बोलला नाही, हे अल्लाहच जाणे. पण चाचांचे पैसे गेले ते गेलेच.

आता मुळापासून पाहू. मॉनिटरला झोपवण्याची कल्पना वीज वाचवण्यासाठी आली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली एनर्जी स्टार योजना सुरू केली आणि १९९३ मध्ये व्हेसा या संस्थेने मॉनिटरसाठी इशाऱ्यांची पद्धत ठरवून दिली. जुन्या व्हीजीए वायरमधून पडद्याच्या आडव्या आणि उभ्या मांडणीचे दोन ठोके सतत जातात. संगणकाने त्यातला एक बंद केला की मॉनिटर डुलकी घेतो, दोन्ही बंद केले की गाढ झोपतो. ठोके परत आले की त्याने उठावे. म्हणजे उठण्यासाठी तीन गोष्टी जागेवर हव्यात : संगणकाने ठोका द्यावा, वायरने तो पोहोचवावा आणि मॉनिटरच्या पोटात उठण्याइतकी शक्ती असावी. खराबी या तिघांपैकी कोणाकडे आहे, एवढेच प्रथम शोधायचे असते. स्क्रू-ड्रायव्हरला इतक्यात हात लावू नये.

पहिली परीक्षा फुकटची आहे. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? असेल तर संगणक जागा आहे. दिवा हलत नसेल तर संगणकच झोपेत अडकला असण्याचा संभव आहे आणि मॉनिटर बिचारा निर्दोष आहे. (बिनतारी कीबोर्डवर पुष्कळदा हा दिवाच नसतो, तिथे वायरचा कीबोर्ड लावून पाहावे.) विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कीबोर्ड आणि माऊस यांना संगणक उठवण्याची परवानगी आहे का ते बघावे. संगणक जागा असून चित्र नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याने चित्र पाठवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्यावर पडदा उजळला तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि तो बदलून पाहावा.

दुसरी परीक्षा मला सर्वांत आवडते, कारण ती अर्ध्या मिनिटात निम्मा प्रश्न सोडवते. मॉनिटरची वीज चालू ठेवून संगणकाकडून येणारी वायर काढावी आणि मॉनिटर बटणाने बंद करून पुन्हा चालू करावा. बहुतेक मॉनिटर अशा वेळी पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी दाखवतात. पाटी स्वच्छ दिसली तर पॅनेल, मागचा उजेड आणि वीजपुरवठा तिन्ही त्या घडीला ठीक आहेत. खराबी वायरमध्ये, सॉकेटमध्ये किंवा संगणकात शोधावी. चाचांच्या दुकानात एवढेच केले असते, तरी पॅनेल गेला हे वाक्य तोंडातून निघाले नसते.

पाटीही दिसत नसेल आणि दिवा मात्र लागला असेल, तर दुकानातला उजेड कमी करून टॉर्चचा झोत पडद्यावर तिरका धरावा. आत फिकट चित्र दिसले, तर चित्र येत आहे पण मागचा उजेड गेला आहे. जुन्या मॉनिटरमध्ये तो उजेड बारीक नळ्यांचा असतो, नव्यांत एलईडीच्या पट्ट्यांचा. त्या नळ्यांत पारा असतो; फोडून कचऱ्यात टाकू नयेत.

डिस्प्लेपोर्टची वायर असेल तर एक वेगळीच गंमत होते. काही मॉनिटर गाढ झोपेत गेले की आपण जोडलेले आहोत हा इशाराही बंद करतात. संगणकाला वाटते, मॉनिटर काढून नेला. मग उठण्याच्या वेळी दोघांची चुकामूक होते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत गाढ झोपेची सोय बंद करता येत असेल तर करावी, आणि इनपुट आपोआप शोधण्याऐवजी नेमके ठरवून द्यावे. स्वस्त वायरींचाही दोष असतो. डिस्प्लेपोर्टच्या विसाव्या पिनवर वीज असते आणि नियमाप्रमाणे साध्या वायरीत ती पिन दोन्ही टोकांना जोडायची नसते. काही वायरींत ती जोडलेली असते, त्यामुळे वीज उलटी शिरते आणि सुरू होताना किंवा उठताना घोळ होतात. म्हणून तपासणीसाठी एक खात्रीची वायर दुकानात कायम ठेवावी.

आता चाचांचा मॉनिटर. गार असताना उठत नाही, गरम झाल्यावर दिवसभर चालतो, थंडीत जास्त त्रास देतो, कधी दिवा नुसता लुकलुकतो. हे लक्षण बहुधा वीजपुरवठ्यातल्या थकलेल्या कपॅसिटरचे असते. त्याच्या आतला द्रव सुकत गेला की अंतर्गत विरोध वाढतो, आणि गारव्यात तो आणखी वाढतो. झोपेत मॉनिटरला वीज अगदी थोडी लागते. उठताना एकदम जास्त मागणी येते आणि तिथे थकलेला कपॅसिटर मान टाकतो. डोके फुगलेला कपॅसिटर डोळ्यांना दिसतो, पण सपाट डोक्याचाही खराब असू शकतो. साध्या मीटरवर तो ठीक दिसला तरी भरवसा ठेवू नये. ईएसआर मीटर घ्यावा. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा घ्यावा. उणे बाजूची पट्टी उलटी लावू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा माल काही रुपयांत मिळतो.

मात्र सावधान! आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्या पुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. आधी मीटरने मोजावे, रेझिस्टर लावून रिकामा करावा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची शेखी मिरवू नये. नवशिक्याने उस्तादाशिवाय हा भाग उघडूच नये.

व्यवहाराचे दोन शब्द. तपासणीची उजरत उघडण्याआधी सांगावी, म्हणजे खराबी साधी वायरची निघाली तरी आपली मेहनत बुडत नाही आणि मोठी खराबी सांगण्याचा मोह होत नाही. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. दुरुस्त केलेला जुना मॉनिटर विकताना बिलावर लिहावे की यात अमुक बदलले आहे. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला माल ओला लागला, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले होते. मॉनिटरचे पोट तर बंदच असते, गिऱ्हाइकाला त्यात हात घालता येत नाही.

आणि दुरुस्त झाला म्हणून लगेच परत देऊ नये. अशी खराबी लपून बसते. झोपेची वेळ एका मिनिटावर लावून मॉनिटरला वीस-पंचवीस वेळा झोपवावे आणि उठवावे. रात्रभर प्लग काढून ठेवावा आणि सकाळी दुकान उघडताच, तो गार असतानाच, पहिल्या दाबात उठतो का पाहावे. उठला तर गिऱ्हाइकाला फोन करावा.