ज्योत एक, भिंगही एकच. मग प्रतिमा दोन कशा?

प्रश्न : दहावीतल्या मुलीबरोबर घरी भिंगाचा प्रयोग करून पाहिला. टेबलाच्या एका टोकाला पेटती मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला पांढरा पुठ्ठा आणि मधे बहिर्वक्र भिंग. मेणबत्ती आणि पुठ्ठा जागच्या जागी ठेवून नुसतं भिंग सरकवलं, तर एका जागी मोठी, उलटी ज्योत उमटली. भिंग आणखी पुढे नेलं तर ती पुसट झाली आणि दुसऱ्याच जागी पुन्हा उमटली, पण बारीक. पुठ्ठा बराच जवळ आणल्यावर मात्र कुठेच स्पष्ट ज्योत मिळेना. भिंगात दोष आहे का?
— एक पालक, यवत (ता. दौंड)

उत्तर : भिंग अगदी ठीक आहे. ते ठीक आहे म्हणूनच दोन प्रतिमा मिळाल्या.

इथे तीन अंतरं लक्षात घ्यायची : भिंगापासून वस्तूचं, भिंगापासून प्रतिमेचं आणि भिंगाचं स्वतःचं नाभीय अंतर. पहिल्या दोहोंच्या व्यस्तांची बेरीज म्हणजे तिसऱ्याचा व्यस्त. मुलीच्या पुस्तकात याच सूत्रात वजाचं चिन्ह असेल, कारण कार्टेशियन चिन्ह संकेतात वस्तूचं अंतर ऋण धरतात. आपण पट्टीने मोजलेली अंतरं धनच धरू. उत्तर तेच येतं.

नाभीय अंतर घरीच काढता येतं. दिवसा खोलीत अंधार करून एकच खिडकी उघडी ठेवा आणि समोरच्या भिंतीवर भुलेश्वरच्या डोंगराची प्रतिमा पाडा. प्रतिमा रेखीव झाली की भिंग ते भिंत हे अंतर म्हणजेच नाभीय अंतर. डोंगर पाच किलोमीटरवर असेल आणि भिंग १५ सेंटिमीटरचं, तर या मापातली चूक मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. डोंगर दिसत नसेल तर दूरचं झाडही चालेल.

आता तुमचा प्रयोग. समजा, नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आणि मेणबत्तीपासून पुठ्ठा ८० सेंटिमीटरवर. म्हणजे वस्तूचं आणि प्रतिमेचं अंतर मिळून ८०. सूत्राची मांडणी थोडी बदलली की त्यांचा गुणाकारही कळतो : ८० × १५ = १२००. बेरीज ८० आणि गुणाकार १२०० असलेल्या संख्या कोणत्या? वर्गसमीकरण सोडवा, २० आणि ६० मिळतील. पण यातली वस्तूची कोणती आणि प्रतिमेची कोणती, हे समीकरण ठरवत नाही. म्हणून भिंग मेणबत्तीपासून २० सेंटिमीटरवरही चालतं आणि ६० वरही.

याचं मूळ प्रकाशाच्या स्वभावात आहे. तो ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने उलटाही येऊ शकतो. पुठ्ठ्याच्या जागी मेणबत्ती आणि मेणबत्तीच्या जागी पुठ्ठा ठेवला असता, तरी भिंगाने त्याच जागी प्रतिमा दिली असती. तुम्ही वस्तू हलवण्याऐवजी भिंग सरकवलंत आणि अंतरांची अदलाबदल झाली. पहिल्या जागी प्रतिमा ६० ÷ २०, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या जागी एक तृतीयांश.

या दोन्ही जागा माणसाने कामाला लावल्या आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. अशा दिव्याच्या यंत्रात काचचित्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित पलीकडे असतं आणि पडदा लांब. चित्र मोठं होतं ते त्यामुळे. ते उलटंही होतं, म्हणून काच यंत्रात मुळातच उलटी घालतात. कॅमेऱ्यात याच्या नेमकं उलट : वस्तू लांब, प्रतिमा भिंगाजवळ आणि लहान.

पुठ्ठा जवळ आणल्यावर काय बिघडलं? कुंपणाची तार तेवढीच असेल तर आयताकृती वाफ्यांमध्ये सर्वांत जास्त जागा चौरस वाफ्यात मावते. तसंच, बेरीज ठरलेली असताना दोन संख्यांचा गुणाकार त्या सारख्या असताना सर्वांत मोठा असतो. ६० सेंटिमीटर अंतराला ३० × ३० = ९००, आणि हवेतही ६० × १५ = ९००. जेमतेम जमलं! इथे एकच जागा आणि वस्तूएवढीच प्रतिमा. पण ५० सेंटिमीटरला हवेत ७५० आणि मिळू शकतात जास्तीत जास्त २५ × २५ = ६२५. मग भिंग कुठेही न्या, प्रतिमा पडद्यावर येणार नाही. नियम असा की वस्तू आणि पडदा यांच्यात नाभीय अंतराच्या किमान चौपट अंतर हवं.

दोन जागांची ही गंमत मोजमापालाही उपयोगी पडते. १८३८ साली ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर जाहीर करणारे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बेसेल यांच्या नावाची एक रीत आहे. भिंग जाड असेल तर त्याचा मध्य नेमका कुठे धरायचा, हा प्रश्न पडतो. या रीतीत तो टळतो, कारण भिंग किती सरकलं एवढंच पाहायचं असतं. आपल्या उदाहरणात ते ४० सेंटिमीटर सरकलं. ८० च्या वर्गातून ४० चा वर्ग वजा करा आणि ८० च्या चौपटीने भागा : ४८०० ÷ ३२० = १५.

मुलीला आणखी एक काम देता येईल. पेटत्या ज्योतीला पट्टी लावता येत नाही. पण पुठ्ठ्यावरच्या दोन्ही प्रतिमांची उंची मोजून गुणाकार करा आणि वर्गमूळ काढा. जी संख्या येईल, ती ज्योतीची खरी उंची. वारा तेवढा अडवा, म्हणजे दोन्ही वेळा ज्योत सारखी राहील.