रसिकाचा वेश

नृत्याच्या प्रयोगाला जाताना कोणता पोशाख करावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ‘तेथे शोभतील असे कपडे आपल्याजवळ नाहीत’ या संकोचापायी काही माणसे कलेच्या दारातूनच मागे फिरतात. हा संकोच कसा निर्माण झाला आणि तो कसा ओसरला, हे पॅरिसमधील एका नाट्यगृहाच्या इतिहासावरून समजते.

बॅले हा काटेकोर पदन्यासावर आधारलेला युरोपीय नृत्यप्रकार आहे. बॅले आणि ऑपेरा यांच्या प्रयोगांसाठी शार्ल गार्निए या वास्तुशिल्पज्ञाने पॅरिसमध्ये एक भव्य वास्तू उभारली. ‘पॅले गार्निए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूचे उद्घाटन ५ जानेवारी १८७५ रोजी झाले. तिचा संगमरवरी जिना केवळ चढण्या-उतरण्यासाठी नव्हता. सभोवतालच्या सज्ज्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांना न्याहाळता यावे, अशीच त्याची रचना होती. काळे कोट घातलेले पुरुष, तसेच रेशमी झगे, हातमोजे आणि रत्नालंकार ल्यालेल्या स्त्रिया तेथे मिरवत. रंगमंचावर नृत्य होई आणि जिन्यावर प्रतिष्ठेचे प्रदर्शन. वेश ही आवड न राहता दर्जाची खूण झाली.

या रिवाजाला धक्का रंगमंचानेच दिला. १९१० साली याच वास्तूत सर्गेई दियागिलेव यांच्या ‘बॅले रूस’ या संस्थेने ‘शेहेराझाद’ सादर केले. लिऑन बाक्स्ट यांनी त्यासाठी योजलेले भडक रंग आणि सैल वेश पाहून प्रेक्षक थक्क झाले. पुढे पॅरिसच्या पोशाखांतही तेजस्वी रंग आणि पगडीसारखी शिरोवेष्टने दिसू लागली. १९२४ मध्ये याच संस्थेच्या ‘ल त्रँ ब्ल’ या बॅलेसाठी कोको शानेल यांनी नर्तकांना पोहण्याचे आणि खेळाचे साधे कपडे दिले. साधेपणालाही डौल असतो, हे त्यातून प्रकट झाले.

आज पॅले गार्निएमधील नेहमीच्या प्रयोगांसाठी उंची पोशाखाची सक्ती नाही. नीटनेटके कपडे पुरेसे असतात. म्हणून निवडीची जबाबदारी आता प्रेक्षकाची आहे. इस्त्री केलेला सदरा, आजीची काठापदराची साडी किंवा आवडती शाल यांतही आपले व्यक्तित्व उमटते. उसन्या भरजरी वस्त्रात अवघडून बसणाऱ्याचे लक्ष नृत्यापेक्षा वस्त्राकडेच अधिक राहते. मात्र स्वातंत्र्याबरोबर विवेकही हवा. उंच टोपीमुळे मागच्याला रंगमंच दिसत नाही, बांगड्यांच्या किणकिणाटाने शांत प्रसंगाचा भंग होतो आणि उग्र अत्तराचा शेजाऱ्याला त्रास होतो.

दिवे मालवले की रेशीम आणि सूत यांतील भेद अंधारात विरून जातो. उरते ते केवळ पाहणारे डोळे आणि रसिक मन. त्या मनाला मोकळे ठेवतो, तोच खरा शोभणारा वेश होय.

स्वाध्याय
१. पॅले गार्निएच्या जिन्याचे वैशिष्ट्य लिहा.
२. ‘वेश ही आवड न राहता दर्जाची खूण झाली’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. एखाद्या समारंभाला जाताना तुम्ही पोशाखाची निवड कोणत्या विचाराने करता, ते आठ-दहा ओळींत लिहा.