सोरायसिस आणि पोटात घ्यावयाचे औषध : आरंभीचे तीन महिने

सोरायसिसचा रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात प्रथम येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा मलमांच्या अर्धवट वापरलेल्या नळ्या असतात. क्वचित एखादी झाडपाल्याची पुडीही असते. गजकर्ण समजून, इसब समजून, कधी संसर्गजन्य रोग समजून वर्षानुवर्षे उपचार झालेले असतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे घरच्यांना समजावून सांगण्यातच पहिली भेट संपते. निरोगी त्वचेच्या वरच्या थराला नवा होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. रोगप्रतिकारक यंत्रणा बिघडल्यामुळे सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते आणि अपक्व पेशींचे रुपेरी खवले साचत जातात. चट्टे थोडे असतील तर मलम पुरते. परंतु शरीराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक त्वचा व्यापली गेली असेल (रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळवा म्हणजे साधारण एक टक्का), सांधे धरले असतील, अथवा तळहात-तळपायांमुळे रोजचे काम अडले असेल, तर पोटात घ्यावयाच्या औषधाचा विचार करावा लागतो.

प्रस्तुत लेख त्या औषधाच्या पहिल्या तीन महिन्यांविषयी आहे. कारण औषध सोडून देणारे बहुतेक रुग्ण याच काळात सोडून देतात आणि गंभीर चुकाही प्रामुख्याने याच काळात घडतात.

आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. त्याचा इतिहास आपल्या भूमीशी जोडलेला आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश संशोधिका मुंबईत आल्या व गिरणीकामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील तो घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक अॅसिड. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील चमूने हे जीवनसत्त्व कृत्रिमरीत्या तयार केले, आणि त्याच्याशी साधर्म्य असलेली पण त्याचे काम रोखणारी द्रव्येही बनविली. त्यांपैकी एक द्रव्य घेणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांचे चट्टे ओसरतात, असे १९५१ मध्ये लक्षात आले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, औषधाचा गुण व दोष एकाच मुळातून निघतात. ज्या पेशी भराभर विभाजन पावतात त्यांना फॉलिक अॅसिड अधिक लागते. सोरायसिसच्या त्वचेला ते लागते, तसेच तोंडाच्या आतील अस्तराला, आतड्याला, केसांच्या मुळांना आणि हाडांतील रक्त निर्माण करणाऱ्या मज्जेलाही लागते. म्हणून मळमळ, तोंड येणे, केस विरळ होणे, रक्तपेशी घटणे, हे सारे दुष्परिणाम एकाच कारणाचे आहेत. शिवाय यकृत आणि क्वचित फुप्फुसे यांनाही बाधा होऊ शकते.

पाकिटातील पत्रक वाचून, अथवा कोणा सुशिक्षित नातलगाने सांगितल्यावरून, ‘हे तर कर्करोगाचे औषध’ म्हणून हबकलेले रुग्ण आम्हांला नेहमी भेटतात. ते खरे आहे. परंतु कर्करोगात ज्या मात्रा दिल्या जातात त्या काही वेळा शेकडो मिलिग्रॅमच्या वा ग्रॅमच्या घरात असतात, आणि सोरायसिसमध्ये आठवड्याला साधारणतः ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढेच औषध पुरते. आठवड्याला, हा शब्द येथे कळीचा आहे.

काही वर्षांपूर्वीची एक हकिगत सांगतो. साठीच्या घरातील एक शेतकरी गृहस्थ. अंगभर चट्टे, रात्रभर खाज. तपासण्या होऊन आठवड्यातून एकदा तीन गोळ्या अशी मात्रा ठरली. चिठ्ठीवर ते इंग्रजी संक्षेपात लिहिले होते आणि हाती एकदम तीस गोळ्या दिल्या होत्या. घरी पुतण्याने ‘रात्री तीन’ एवढेच वाचले. आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे औषध असू शकते, हेच मुळी त्या घरात कोणाला संभवनीय वाटले नाही. सहाव्या दिवशी तोंड आले, सातव्या दिवशी जुने चट्टे सोलवटून त्यांतून रक्त येऊ लागले. अंगातील उष्णता बाहेर पडते आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे, अशी समजूत करून घेऊन त्यांनी आठव्या रात्रीही गोळ्या घेतल्या. दाखल झाले तेव्हा ताप होता, गिळता येत नव्हते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या होत्या. फॉलिनिक अॅसिडची इंजेक्शने, प्रतिजैविके आणि सतरा दिवसांची शुश्रूषा यांनंतर ते घरी गेले. अशा प्रसंगी सर्वच रुग्ण घरी जातात असे नाही.

चूक पुतण्याची म्हणता येणार नाही. ती आमची होती, आणि ती मान्य करूनच आम्ही पद्धत बदलली. आता चिठ्ठीवर वाराचे नाव मराठीत, पूर्ण अक्षरांत लिहिले जाते. एका वेळी चार आठवड्यांपुरत्याच गोळ्या दिल्या जातात. निरनिराळ्या शक्तीच्या गोळ्या एकाच रुग्णाला देत नाही. ‘एक मोठी व एक लहान’ या हिशेबात घोटाळा ठरलेलाच. आणि उठण्यापूर्वी रुग्णानेच वार आणि संख्या आम्हांला म्हणून दाखवावयाची असते.

वार निवडताना रुग्णाने आपल्या घरच्या रीतीचा विचार करावा. उपवासाचा वार नको. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. ग्रामीण भागातील अनेकांना गावच्या बाजाराचा दिवस सोयीचा पडतो, कारण तो सहसा विसरला जात नाही. नोकरदारांनी सुटीच्या आदल्या रात्रीची निवड करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा थकवा घरीच निभावतो. वार चुकला तर एक-दोन दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाल्यास ती मात्रा सोडून द्यावी व पुढच्या ठरल्या वारी नेहमीइतकीच घ्यावी. दुप्पट कधीही घेऊ नये. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळी मेथोट्रेक्सेटच्या दिवशी सहसा वगळतात. या दोन्ही गोळ्या पुष्कळदा लहान व पिवळ्याच असतात. म्हणून त्या एका डबीत मुळीच ठेवू नयेत.

आता सोसण्याजोग्या त्रासांविषयी. मळमळ ही सर्वांत सामान्य तक्रार असून ती बहुधा गोळीनंतरच्या एक-दोन दिवसांपुरती असते. रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेऊन झोपणे, दुसऱ्या दिवशी पेज, मऊ भात, ताक असा हलका आहार ठेवणे आणि पाणी भरपूर पिणे, एवढ्यानेच अनेकांचे भागते. न भागल्यास फॉलिक अॅसिड वाढविणे, तीच साप्ताहिक मात्रा बारा-बारा तासांच्या अंतराने विभागून देणे, किंवा त्वचेखाली इंजेक्शन देणे हे उपाय आहेत; मात्र ते डॉक्टरांनीच ठरवावयाचे. काही रुग्णांना पुढे पुढे गोळी नुसती दृष्टीस पडली तरी उमळून येते. घरचे त्याला मनाचे खेळ म्हणतात. हा सुप्रसिद्ध व खरा त्रास आहे, आणि रुग्णाने तो संकोच न करता सांगावा. केस विरळ होणे सहसा अल्प असते व ते पुन्हा उगवतात. तोंडात एखादा फोड आल्यास ठेचा-मिरची वर्ज्य करून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, आणि पुढची मात्रा घेण्यापूर्वी आम्हांस कळवावे.

याउलट काही लक्षणे मुळीच सोसू नयेत. ताप व घसादुखी, तोंडात अनेक फोड, चट्ट्यांवर नव्याने जखमा, अंगावर रक्ताचे बारीक ठिपके, काळी शौचास होणे, डोळे पिवळे दिसणे, कोरडा खोकला व दम लागणे, यांपैकी काहीही दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे व रक्त तपासून घ्यावे. आमचा अनुभव असा की, तरुण रुग्ण साध्या मळमळीने औषध टाकून देतात आणि वयस्कर रुग्ण ‘डॉक्टरांना कशाला त्रास’ म्हणून ताप अंगावर काढतात. या दुसऱ्या सोशिकपणाची आम्हांला अधिक धास्ती वाटते.

मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले की तेच नेहमीचे प्रमाण विषारी ठरू शकते. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ असताना हे विशेष ध्यानात ठेवावे आणि त्या आठवड्याची मात्रा विचारल्याशिवाय घेऊ नये. औषधांच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक तर या औषधासोबत टाळलेच पाहिजे. त्याने मज्जेवरील घातक परिणाम वाढतो. कोणत्याही दवाखान्यात गेल्यास मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे प्रथम सांगावे. मद्य बंद. ‘फक्त सणासुदीला’ ही सवलत आम्ही देत नाही, कारण मधुमेह वा स्थूलपणा असलेल्या रुग्णाचे यकृत आधीच भारावलेले असते.

गर्भावस्थेत हे औषध निषिद्ध आहे. स्त्रियांनी ते चालू असताना, व थांबविल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत, गर्भधारणा टाळावी. पुरुषांबाबतची मते अलीकडे सौम्य झाली असली, तरी अपत्याचा विचार असल्यास आधी बोलावे.

इतर औषधांचे स्वभाव निराळे आहेत. अॅसिट्रेटिनने ओठ फुटतात, डोळे कोरडे होतात, तळव्यांची साले निघतात. ओठांस तूप वा व्हॅसलिन लावून हे निभावते. परंतु ते थांबविल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागत असल्याने तरुण स्त्रियांना आम्ही ते देत नाही. सायक्लोस्पोरिनमध्ये रक्तदाब व मूत्रपिंडे यांवर नजर ठेवावी लागते. २०१४ साली अमेरिकेत सोरायसिससाठी मान्यता मिळालेल्या अॅप्रिमिलास्टने पहिले दोन आठवडे जुलाब, मळमळ, डोकेदुखी होते व महिन्याभरात बहुधा ओसरते. म्हणूनच त्याची मात्रा १० मिलिग्रॅमपासून रोज थोडी थोडी वाढवीत नेतात. त्या काळात मन फार उदास वाटू लागले, तर तेही सांगावे.

अखेरचा मुद्दा धीराचा. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसण्यास चार ते आठ आठवडे लागतात, पूर्ण गुणास चार-सहा महिने. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतो. दरम्यान मलम व खोबरेल तेल चालू ठेवावे, आणि पूर्वीची पुडी चालू असल्यास ती दाखवावी. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते व ते एकाएकी बंद केल्याने रोग उसळतो. प्रारंभी दर दोन ते चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते. बरे वाटते म्हणून ती टाळू नये. यकृताची बाधा बराच काळ जाणवतच नाही.

वर उल्लेखिलेले गृहस्थ आता आठवड्यातून दोनदा अतिनील किरणांच्या उपचारासाठी येतात. मेथोट्रेक्सेट त्यांना पुन्हा दिलेले नाही. येताना ते घरातील साऱ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणतात व टेबलावर मांडतात. प्रत्येक रुग्णाने दर भेटीस तसेच करावे, अशी विभागाची विनंती आहे.