थंडीत पिकअप बंद पडते? टर्बो बदलण्याआधी एवढं तपासा



गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आमच्या गटांनी मिळून कर्जावर घेतलेली पिकअप पहाटे पाचला भाजी भरून यवतमाळच्या बाजाराला निघते. डिसेंबर लागला आणि रोजचाच ताप सुरू झाला. सेल्फ मारला की गाडी चालू व्हायची आणि अर्ध्या मिनिटात फडफडून बंद. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर कुठं ती टिकायची. दोनदा मेथी-सांबार उशिरा पोचला, लिलाव होऊन गेला होता. मिळेल त्या भावात माल टाकून यावं लागलं. कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठी थांबत नाही.

एका मिस्त्रीनं पाहून सांगितलं, "ताई, टर्बो गेला. बदलावाच लागते." म्हणजे हजारोंचा खर्च. बैठकीत पैसे काढायचा ठराव मांडला, तर एक मावशी म्हणाल्या, "दुपारी हेच गाडी भरल्या मालानं चढाव चढते. मंग टर्बो गेला कसा?" आम्ही सगळ्या गप्प झालो. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवलं. दोष निघाला डिझेल फिल्टरजवळच्या जुन्या रबरी नळीत. नळी आणि क्लिप बदलली, काही शे रुपयांत काम झालं.

तेव्हापासून आम्ही ठरवलं: गाडी भाऊ चालवो की ताई, मालक आपण आहोत, तर थोडं आपल्यालाही समजलं पाहिजे.

इंजिन कसं चालतं

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या गरम हवेत डिझेलचा फवारा पेटतो. थंडीत हवाही गार, इंजिनही गार. म्हणून पेटायला वेळ लागतो.

टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा ढकलतो, म्हणून गाडी वजन ओढते. गाडी उभी राहून हळू चालत असते तेव्हा धूर कमी असतो, टर्बोचं काम नावापुरतं असतं. टर्बो बिघडला तर गाडी चढावावर ओढत नाही, काळा किंवा निळा धूर मारते, कधी शिट्टीसारखा आवाज येतो, ऑइल कमी होतं. फक्त पहाटे गार असताना बंद पडणारी आणि नंतर नीट चालणारी गाडी असेल, तर टर्बोवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

"डिझेल गोठलं असेल" असंही कोणी म्हणतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास येतो, लाट आली तर थोडा खाली. एवढ्यानं आपलं डिझेल गोठत नाही. त्यासाठी रॉकेल मिसळू नका, पंप आणि इंजेक्टर खराब होतात.

स्वस्तापासून महागाकडे तपासा

१. बॅटरी. सेल्फ मारताना आवाज सुस्त, ओढत-ओढत येतो का? थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. इंजिन पुरेशा वेगानं फिरलं नाही तर डिझेलचा दाब तयार होत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर ती साफ करून घ्या, नट घट्ट करा, वर थोडं व्हॅसलीन लावा.

२. हीटरचा दिवा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेसारखा दिवा लागतो. तो ग्लो प्लगचा. तो विझल्यावरच सेल्फ मारा. थंड असताना दिवा लागतच नसेल, किंवा गाडी चालू होऊन पांढरा धूर मारत थरथरत असेल, तर ग्लो प्लग आणि त्याची रिले तपासायला सांगा.

३. डिझेलमधलं पाणी. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या थंडीत आत दव धरतं. ते पाणी फिल्टरच्या तळाशी जमतं. तळाच्या स्क्रूमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळं दिसतं. हिवाळ्यात टाकी सायंकाळीच भरून ठेवलेली बरी.

४. लाइनमध्ये हवा. आमचा दोष हाच होता. बऱ्याच गाड्यांत इंजिनचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. नळी जुनी झाली की थंडीत कडक होते, आकसते आणि सांध्यातून हवा धरते. रात्रभरात डिझेल मागं टाकीकडं उतरतं. सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, ते संपलं की बंद. ऊन पडल्यावर नळी मऊ होते आणि दोष लपतो. फिल्टरजवळचा हातपंप दाबल्यावर गाडी लगेच टिकत असेल, तर हाच संशय घ्या. नळीच्या सांध्यावर ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का पाहा.

५. फिल्टर. डिझेलचा आणि हवेचा, दोन्ही. कापूस आणि तुरीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ फार, हवेचा फिल्टर लवकर भरतो.

६. सेन्सर आणि ईजीआर. वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे वळा. ईजीआर झडप काजळीनं उघडी अडकली की इंजिन हळू चालताना गुदमरून बंद पडतं. तापमानाचा सेन्सर चुकला तर गार इंजिनाला हवं तेवढं डिझेल मिळत नाही. आधी स्कॅनर लावून घ्या, आलेला कोड वहीत लिहून घ्या, मगच पार्ट बदला.

धूर काय सांगतो

सेल्फ मारताना धूरच नाही: डिझेल पोचत नाही. पांढरा धूर आणि डिझेलचा वास: डिझेल पोचतं, पण नीट पेटत नाही. काळा: हवा कमी. निळा: ऑइल जळतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतो आणि कूलंट कमी होतं: गाडी थांबवा, मोठं काम असू शकतं.

हे करू नका

- दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.
- गाडीखाली शेकोटी करू नका. हवेच्या नळीत पेट्रोल किंवा स्प्रे मारू नका, भडका उडतो.
- बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका, धुरानं जीव जाऊ शकतो.
- गाडी चालू असताना इंजेक्टरचा नट कोणालाही ढिला करू देऊ नका. हल्लीच्या इंजिनात दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.
- गार इंजिनाला लगेच रेस देऊ नका. मिनिटभर हळू चालू द्या, म्हणजे ऑइल टर्बोपर्यंत पोचतं. लांबून आल्यावर बंद करण्याआधीही मिनिटभर थांबा.

पुढच्या बैठकीसाठी

गाडीची एक वही करा. बंद पडली की लिहा: तारीख, वेळ, किती वेळ चालून बंद पडली, धुराचा रंग, सेल्फचा आवाज, टाकीत डिझेल किती, नंतर कशानं चालू झाली. आठवडाभराची वही मिस्त्रीसमोर ठेवा. मोठा खर्च सांगितला तर विचारा, "भाऊ, कशावरून? आधी काय काय तपासलं?" बदललेला जुना पार्ट आणि पक्की पावती मागून घ्या. ठराव त्यानंतरच करा.

आमचे पैसे वाचले ते मावशींच्या एका प्रश्नामुळे. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण ती दिवसभर कशी चालते हे त्या रोज पाहत होत्या.