मोटारींतील खर्ज

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी आपली नवी मोटार आम्हांस दाखविण्यासाठीं घेऊन आला. नवी म्हणजे त्याला नवी. एरवीं ती पुण्याहून दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, दोन दारांची, जमिनीलगत बसणारी, केवळ वेगाच्या हौसेखातर घडविलेली अशी मोटार होती. घरच्या द्राक्षबागेंत चार वर्षें राबून त्यानें पैसे सांठविले होते, तेव्हां त्याच्या आनंदांत आम्हांसही आनंदच होता. परंतु मोटार दृष्टीस पडण्यापूर्वींच तिची वर्दी आली. खिडकीचीं तावदानें थरथरलीं, मांडणीवरचीं भांडीं एकमेकांस लागून किणकिणूं लागलीं, आणि मग गल्लीच्या तोंडाशीं मोटार दिसली. गाण्याचे शब्द मात्र कांहीं केल्या ऐकूं येत नव्हते.

“सर, एकदां आंत बसून तर बघा,” असें म्हणून त्यानें दार उघडलें. मागील बाजूस सामानाच्या जागेंत लांकडाची एक भली मोठी पेटी, तिच्यांत बारा इंची सबवूफर आणि शेजारीं अँप्लिफायर, अशी रचना त्यानें स्वतःच्या हातांनीं केली होती. आम्ही बसलों, दोन मिनिटें झालीं नाहींत तोंच जळक्या रबराचा वास आला. त्यानें घाईनें यंत्र बंद करून बॉनेट उघडलें. पाहतों तों बॅटरीपासून मागें गेलेल्या लाल तारेचें आवरण पत्र्याच्या भोंकापाशीं घासून गेलें होतें, आंतील तांबें पत्र्यास टेकूं लागलें होतें आणि भोंवतालचें आवरण वितळत होतें. त्या दिवशीं मोटार वांचली. पुढील दोन शनिवार आम्ही, तो आणि स्टँडाजवळचा एक मोटार-वायरमन असे तिघे मिळून त्या रचनेची दुरुस्ती करीत होतों. त्यांत जें शिकलों तें येथें पाठाच्या रूपानें देत आहों. कारण आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलांच्या मनांत हीच हौस आहे, हें आम्हांस ठाऊक आहे.

१. खर्ज आणि त्याची पेटी

ध्वनि म्हणजे कंपन, हें आपण शाळेंत शिकलांच आहां. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. पुरुषगायकासाठीं लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सत्तरांच्या आसपास कंपनें करते. सबवूफरचें राज्य साधारणपणें २० पासून १०० पर्यंतच्या याच खालच्या पट्टींत असतें. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४३ मीटर. तेव्हां ५० कंपनांच्या ध्वनीची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब होते, तर ५,००० कंपनांची लाट सात सेंटिमीटरांहून मोठी नसते. लांब लाट भिंतीला वळसा घालून जाते आणि पातळ भिंतीस हालवून पलीकडेही निघते. आंखूड लाट अडते व विरते. घरांत बसलें असतां दूरच्या मिरवणुकींतील ढोलाचा ठोका आधीं पोंचतो आणि ताशाची कडकड मागाहून, तें याचमुळें. आमच्या गल्लींत शब्द न येतां नुसता घुमारा आला, त्याचेंही कारण हेंच होय.

कर्ण्याची रचना साधी आहे. चुंबकाच्या फटींत तांब्याच्या तारेचें एक वेटोळें असतें व त्यास कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा शंकु जोडलेला असतो. वेटोळ्यांतून विजेचा प्रवाह पुढेंमागें वाहूं लागला म्हणजे शंकुही पुढेंमागें हालतो व हवेस ढकलतो. अमेरिकेंतील राइस व केलॉग या दोघां शास्त्रज्ञांनीं १९२५ सालीं ही रचना पुढें मांडली, आणि तत्त्वतः तीच आजही चालू आहे. परंतु शंकु पुढील हवा दाबतो त्याच क्षणीं मागील हवा विरळ करतो. खर्जाच्या लांब लाटा शंकूच्या कडेवरून सहज वळतात व हे दोन परिणाम एकमेकांस खाऊन टाकतात. म्हणून पाठीमागचा ध्वनि कोंडून ठेवण्यासाठीं पेटी लागते. पेटीवांचून बारा इंची कर्णाही मुका वाटतो.

येथें मिरजेच्या तंबोऱ्याची आठवण होते. तासगांवापासून जवळच असलेल्या त्या गांवीं सतार व तंबोरे करण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आली आहे, आणि २०२४ सालीं मिरजेच्या या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. पंढरपूर-मंगळवेढें भागांतील मोठे कडू भोपळे वाळवून त्यांचे तुंबे करतात. तार बारीक असल्यामुळें ती एकटी फारशी हवा हालवूं शकत नाहीं. तुंबा आणि तबली तिच्याबरोबर कंप पावतात, म्हणून नाद भरून येतो. सबवूफरच्या पेटीचें काम मात्र नेमकें उलट आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यानें बोललें पाहिजे, या पेटीनें बोलतां कामा नये. तिच्या फळ्या स्वतः कंप पावूं लागल्या कीं स्वर गढूळ होतो. म्हणून निदान १८ मिलिमीटर जाडीचें लांकूड घ्यावें, आंतून आडव्या पट्ट्या द्याव्या व सर्व सांधे सरस लावून हवाबंद करावे. आमच्या विद्यार्थ्याच्या पेटीचा एक सांधा उघडा होता. तेथें हात धरला असतां वाऱ्याची फुंकर लागे, आणि त्यांतूनच फरफर असा आवाज येई.

पेटीचे मुख्य प्रकार दोन. बंद पेटींतील हवा स्प्रिंगचें काम करते व शंकूस आवरून धरते; तिचा स्वर आटोपशीर असतो. दुसऱ्या प्रकारांत पेटीस एक नळी ठेवतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली म्हणजे ठराविक स्वर निघतो, तसा त्या नळीचाही एक ठराविक स्वर असतो, आणि त्या स्वराच्या आसपास आवाज मोठा होतो. या घटनेचें शास्त्र जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकांत सांगितलें. मात्र त्या स्वराच्या खालीं शंकूस कोणाचा आधार उरत नाहीं व तो वाजवीपेक्षां अधिक हालून फाटण्याचा संभव असतो.

आतां ठेंगण्या मोटारीची गोष्ट. आंतील जागा खर्जाच्या लाटेपेक्षां पुष्कळ लहान असते. तेथें लाट धांवत नाहीं, तर साऱ्या कोठडीचा दाब एकदम वरखालीं होतो. त्यामुळें थोड्या शक्तींतही खर्ज भरपूर मिळतो. जी पेटी दिवाणखान्यांत बेताची वाटेल तीच मोटारींत असह्य होते. शिवाय अशा मोटारींत जागेची टंचाई असते. दिलीप छाब्रिया यांनीं आंखलेली व २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडलेली ‘अवंती’ ही मोटार पाहा. तिचें एंजिन आसनांच्या पाठीमागेंच बसविलेलें आहे. अशा ठिकाणीं बारा इंची पेटीचा हट्ट धरणें व्यर्थ होय. आम्हीं बारा इंची कर्णा काढून दहा इंची बसविला, आणि एक घनफूट, म्हणजे सुमारें २८ लिटर, आकाराची बंद पेटी केली. ती बोल्टांनीं मोटारीच्या सांगाड्यास आंवळली. कारण टक्कर झाली असतां सुटी पेटी धोंड्याप्रमाणें मानेवर येते.

२. तारा, फ्यूज आणि आग

वेगवान मोटारीसही बॅटरी १२ व्होल्टांचीच असते; एंजिन चालू असतांना दाब सुमारें पावणेचौदा होतो. आमच्या विद्यार्थ्याचा अँप्लिफायर ६०० वॉटचा होता. शंभरांतील ऐंशी भाग उपयोगी पडतात असें धरलें, तर बॅटरीकडून ७५० वॉट घ्यावे लागतील. त्यांस पावणेचौदांनीं भागिलें असतां सुमारें ५५ अँपिअर प्रवाह येतो. मोटारीच्या पुढच्या ५५ वॉटच्या दिव्याच्या हिशेबानें, तेरा-चौदा दिवे एकदम लावल्यासारखा हा भार आहे. हा प्रवाह नेण्यास त्यानें घरांतील पंख्याच्या जोडणीची तार वापरली होती! बारीक तारेचा विरोध अधिक, विरोधांतून उष्णता, आणि उष्णतेनें आवरण मऊ होऊन तें पत्र्यावर लवकर घासलें गेलें.

याहून मोठी चूक फ्यूजच्या जागेची होती. त्यानें फ्यूज लावला होता, पण तो मागें, अँप्लिफायरपाशीं. फ्यूज अँप्लिफायरसाठीं नसून तारेसाठीं असतो, हें प्रत्येक मुलानें ध्यानांत ठेवावें. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तारेस कोणाचेंच संरक्षण नसतें. ती वाटेंत पत्र्यास लागली तर बॅटरीची सारी शक्ति तेथें ओतली जाते आणि फ्यूज मागें स्वस्थ बसून राहतो. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून सुमारें दीड फुटाच्या आंत असावा.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणें होता. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडविली. २० ते २५ चौरस मिलिमीटर छेदाची शुद्ध तांब्याची तार घेतली; बाजारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार मिळते, ती तितक्याच जाडीची असली तरी तितका प्रवाह वाहूं शकत नाहीं. धन टोकाजवळ ६० अँपिअरचा फ्यूज बसविला. पत्र्याच्या भोंकास रबराचें कडें घालून त्यांतून तार नेली. जमिनीची, म्हणजे ऋण बाजूची, तार आंखूड ठेवून सांगाड्यावरचा रंग खरवडून लखलखीत पत्र्यास आंवळली; रंगावर आंवळलेली तार म्हणजे न आंवळलेलीच. गाण्याचा संकेत नेणारी बारीक तार दुसऱ्या बाजूनें नेली, नाहीं तर एंजिनची शीळ कर्ण्यांत येते. एक पातळ तार टेपपासून अँप्लिफायरपर्यंत जोडली. तीमुळें टेप बंद होतांच अँप्लिफायरही बंद होतो व रात्रभरांत बॅटरी रिकामी होत नाहीं. सर्व जोडण्या पुन्हां तपासून मगच ऋण बाजू जोडली.

अखेर अँप्लिफायरवरील दोन खुंट्या लावल्या. एकीनें ८० कंपनांच्या वरचे स्वर अडविले. दुसरीस मुलें आवाजाची खुंटी समजतात, पण ती टेपचा संकेत व अँप्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठीं आहे. ती शेवटपर्यंत पिळली म्हणजे लाटेचीं शिखरें कापलीं जातात, स्वर चिरका होतो आणि कर्ण्याचें वेटोळें तापून जळतें.

३. कान

दुसऱ्या शनिवारीं त्याच्या घरीं चहास गेलों असतां त्याची आजी म्हणाली, “गुरुजी, पोराला हांक मारायची तर तीनदां मारावी लागते. आधीं असा नव्हता.” तो हंसला, पण परत येतांना वाटेंत त्यानें कबूल केलें कीं, रात्रीं निजतांना दोन्ही कानांत रातकिड्यासारखा आवाज चालू असतो. मोटारीच्या तारेचा जळका वास आम्हांस आला होता. या तारेस वासही नसतो.

कानाच्या आंतील शंखाकृति भागांत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्याच ध्वनीचें रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करितात. अति मोठ्या आवाजानें त्या मोडतात, आणि मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. डेसिबलाचें माप असें आहे कीं, तीन डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दुप्पट होते. म्हणून कामगारांच्या आरोग्याविषयीं अमेरिकेंत घालून दिलेल्या एका प्रमाणानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसास आठ तास, ८८ चार तास, ९१ दोन तास, ९४ एक तास, आणि १०० डेसिबल आवाज केवळ पंधरा मिनिटें सोसावा. फोनवरील मापकानें पाहिलें तेव्हां त्याच्या मोटारींत काचा लावलेल्या असतां आंकडा शंभराच्या आसपास गेला. अशा मापकांत बहुधा कानाच्या कलाप्रमाणें खर्जास कमी लेखलें जातें, म्हणून खरा दाब याहूनही अधिक असावा. आणि तो रोज सांगलीस जातांयेतां तासभर तरी त्यांत बसे.

आमच्या आग्रहावरून त्यानें कान तपासून घेतले. ४,००० कंपनांच्या आसपास ऐकणें उणें निघालें. मोठ्या आवाजानें झालेल्या इजेची ती नेहमीची खूण आहे. बोलण्यांतील स, त, क अशा व्यंजनांचा ऊंच भाग या पट्टीच्या जवळचा असतो. त्यामुळें अशा मनुष्यास बोलणें ऐकूं येतें पण कळत नाहीं, आणि लोक त्यास बेफिकीर समजतात. गेलें तें परत येणार नाहीं. उरलेलें राखतां येईल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. तो बावीस वर्षांचा आहे.

४. शेजारी आणि कायदा

हा प्रश्न एकट्या मालकाचा नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे दहापासून पहाटे सहापर्यंत. शांतता-क्षेत्र म्हणून ठरलेल्या भागांत, म्हणजे रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालीं निदान शंभर मीटरांपर्यंत, ती अनुक्रमें ५० व ४० आहे. निजलेलें तान्हें मूल किंवा हृदयाचा रोगी आपल्या मोटारीपुढें हात जोडण्यास येत नाहीं. तो भिंतीपलीकडे मुकाट्यानें सोसतो. आणि खर्ज भिंतीस जुमानीत नाहीं, हें आपण वर पाहिलेंच.

आम्ही या हौसेचे वैरी नव्हों. नीट बसविलेल्या त्या लहान पेटींत मृदंगाची थाप किती स्वच्छ उमटते, हें आम्हीं त्याच मोटारींत बसून ऐकलें आहे, आणि त्या वेळीं शब्दही ऐकूं येत होते. आतां तो वस्तींत शिरतांना आवाज उतरवितो, व प्रवासांत कान दुखण्यापूर्वीं थांबतो. ज्या मुलांस असें कांहीं करावयाचें असेल त्यांनीं आधीं आम्हांस विचारावें. तारेची जाडी व फ्यूज यांचा हिशेब आपण फळ्यावर करूं. पालकांसही एक विनंति आहे. मुलगा हांकेस ओ देत नसेल तर त्यास उद्धट म्हणण्यापूर्वीं एकदां त्याचे कान तपासून घ्यावे. आजीबाईंनीं तीनदां हांक मारली नसती, तर आमच्या विद्यार्थ्याची ही गोष्ट आणखी कित्येक वर्षें कोणाच्याच ध्यानांत आली नसती.