रंगाखालचा तडा

ब्लॉक नुकताच रंगवलेला होता. गडद निळा, गुळगुळीत, पहाटेच्या अंधारात बॅटरीच्या झोताने चकाकणारा. विकणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ज्या इंजिनाने चाळीस वर्षे शेतावरच्या कोठारात धूळ खाल्ली, त्याला बाजाराच्या आदल्या आठवड्यात रंग कशाला लागतो, हा साधा प्रश्न प्रस्तुत लेखकाला त्या सकाळीच पडायला हवा होता. तो पडला तीन आठवड्यांनी. तोवर 900 डॉलर हातचे गेले होते.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात पाचलाच गर्दी उसळते. चांगला माल उजाडायच्या आत उचलला जातो, अशी सगळ्यांची समजूत असते, आणि त्या घाईवरच काही विक्रेत्यांचे पोट चालते. लेखकाच्या गॅरेजात 1931 च्या मॉडेल ए फोर्डची कूप बॉडी येऊन पडली होती. तिला हवा होता फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-8. आजचे तयार इंजिन आणून बसवले तर गाडी धावेल, पण तिला पारंपरिक हॉट रॉड म्हणू नये, असे लेखकाचे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

विक्रेता साठीतला, गोड बोलणारा. इंजिन नेब्रास्कातल्या वडिलांच्या ट्रकमधले, शेवटपर्यंत चालू असलेले, कधीही न तापलेले. लेखकाने हेड उघडून दाखवायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "स्टड गंजलेत. उघडताना एखादा तुटला तर माझं नुकसान. उघडायचं असेल तर आधी पैसे द्या."

त्या वाक्यावर पाठ फिरवायला हवी होती. लेखक मात्र कोल्हापूरचा, बालपण उद्यमनगरातल्या लेथ आणि फौंड्र्यांच्या आवाजात गेलेले. बिडाचे ओतकाम आपल्याला कळते, हा विश्वास होता. त्याने पाना घेऊन ब्लॉक चार ठिकाणी वाजवला. खणखणीत आवाज आला, बद्द नाही. घरी आजी मडके असेच वाजवून घ्यायची. पण मडके म्हणजे एकच पोकळी. व्ही-8 च्या ब्लॉकमध्ये आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हच्या जागा आणि त्यांच्याभोवती फिरणारे पाण्याचे कप्पे असतात. वर हेड आवळलेले, स्टड ताणलेले. अशा ओतकामात एका कोपऱ्यातला तडा दुसऱ्या कोपऱ्यात वाजवून कळत नाही.

ओळख पटवण्यात मात्र चूक झाली नव्हती, हे इथे नोंदवायलाच हवे, कारण नंतर काही मित्रांनी "तुला फसवणं सोपंच होतं" असा सूर लावला. क्लचच्या घराचा वरचा अर्धा भाग ब्लॉकमध्येच ओतलेला होता आणि त्यावर 59 हा आकडा उठलेला होता. हेडला 24 स्टड होते, पाण्याची नळी हेडच्या मधोमध. 1949 पासूनच्या इंजिनांत क्लचचे घर वेगळे, बोल्टने जोडलेले असते आणि पाणी हेडच्या पुढच्या टोकाने बाहेर पडते. म्हणजे हे 239 घनइंची, 100 अश्वशक्तीचेच इंजिन होते. विक्रेता जातीबद्दल खरे बोलला आणि प्रकृतीबद्दल खोटे.

मशीन शॉपमधून फोन आला तो असा : "येऊन बघून जा." एवढेच. गाडी हाकताना लेखकाला वाटत होते, फार तर बोअर जास्त झिजलेला असेल.

ब्लॉक गरम रसायनाच्या टाकीतून काढून ठेवला होता. निळा रंग उतरला होता. डाव्या बाहेरच्या भिंतीवर, तेलाच्या टाकीच्या कडेला समांतर, वीतभर लांबीचा करडा पट्टा दिसत होता. इपॉक्सी. नुसती थापलेली नव्हे. घासून, आजूबाजूच्या बिडाच्या पातळीला आणून, ओतकामाचा खडबडीतपणा उमटावा म्हणून वरून टोचलेली. नेब्रास्कातला हिवाळा, ब्लॉकमध्ये राहिलेले पाणी, पाण्याचा बर्फ आणि फुगलेल्या बर्फाने फाडलेली भिंत. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला इंजिनातले पाणी गोठते हे पुस्तकातून ठाऊक असते, पण थंड प्रदेशातले जुने इंजिन म्हटल्यावर आधी तिथे हात फिरवावा, हे त्याच्या हातांना ठाऊक नसते.

मग कारागिराने चुंबकाचे दोन पाय ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर टेकवले आणि लोखंडाची बारीक भुकटी फुंकली. सगळीकडची भुकटी उडाली. तीन ठिकाणी ती उभी राहिली. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून थेट सिलिंडरच्या बोअरपर्यंत, केसासारखी रेघ. त्याने खडूने तिन्हींभोवती गोल काढले आणि काही बोलला नाही. खडूचा तो करकर आवाज लेखकाच्या कानातून अजून गेलेला नाही.

हे तडे फ्लॅटहेडच्या रचनेतून येतात. 1932 मध्ये फोर्डने संपूर्ण व्ही-8 ब्लॉक एका अखंड ओतकामात काढून तो सामान्य माणसाच्या गाडीत बसवला, हे मोठेच काम होते. त्या पहिल्या इंजिनाची ताकद 65 अश्वशक्ती होती. पण यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, आणि जळालेला वायू बाहेर पडताना ब्लॉकमधूनच, पाण्याच्या कप्प्यांना लागून जातो. ती सगळी उष्णता पाण्याला सोसावी लागते. त्यातून ओतकामाच्या वेळची वाळू आत राहिलेली असते. लेखकाच्या ब्लॉकमधून कारागिराने ती ओंजळी भरभरून काढली. वाळू आणि गंजाने वाट अडली की पाणी फिरत नाही, इंजिन तापते, आणि सीट व बोअर यांच्यामधली अरुंद जागा फाटते. कधीही न तापलेल्या इंजिनात असे तीन तडे सापडत नाहीत.

लेखकाने विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "पावतीवर 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलंय. तुम्ही स्वतः वाजवून बघितलंत." इपॉक्सीबद्दल विचारल्यावर त्याने फोन ठेवला. पुढच्या महिन्याच्या बाजारात तो त्याच जागी उभा होता आणि त्याच्यापुढे आणखी एक ब्लॉक होता. निळा.

व्हॉल्व्हजवळचे तडे त्याला ठाऊक नसतील, हे मान्य करता येते. हेड उघडल्याशिवाय ते कोणालाच दिसत नाहीत. भिंतीवरची इपॉक्सी मात्र आपोआप घासली जात नाही. ज्या हाताने ती टोचून खडबडीत केली, त्या हाताला आपण काय करतो आहोत हे पुरते माहीत होते. याला जुन्या मालाची जोखीम म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

हे लिहिण्यामागे तेवढाच राग नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतर कॅलिफोर्नियातली पोरे भंगारातून इंजिने उचलत. म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर शर्यती लावत. त्यांची संघटना, एससीटीए, 1937 ची; बॉनव्हिलच्या मिठागरावरचा पहिला स्पीड वीक 1949 चा. तेव्हा ब्लॉक तडकलेला निघाला तर तो फेकून दुसरा आणला जाई. 1953 नंतर अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांत फ्लॅटहेड बसवणे थांबले. म्हणजे आज बाजारात जो माल उरला आहे, त्यातला बराचसा सत्तर वर्षांत अनेक जाणत्या हातांनी उलटून पाहून बाजूला ठेवलेला आहे. जुने आणि अस्सल म्हणून मिरवणाऱ्या भागाला आधी विचारावे : इतकी वर्षे तुला कोणी का नेले नाही?

ब्लॉक घ्यायचा तर हेड काढलेलाच घ्यावा, किंवा चुंबकीय तपासणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याचा मशीन शॉपचा कागद मागावा. लेखकाला या तपासणीचे 150 डॉलर पडले. 900 च्या आधी ते खर्च केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. रंग असेल तर बाहेरच्या दोन्ही भिंतींवर, खालच्या कडेजवळ, पात्याने खरवडून पाहावे. विक्रेता हरकत घेईल, तर घेऊ द्यावी. बिडाच्या जागी करडी, मऊ चकती सुटली तर निघून यावे. स्टडच्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंतचा छोटा तडा पाहून मात्र घाबरू नये. तो पुष्कळ फ्लॅटहेडमध्ये असतो आणि पिना घालून शिवता येतो. सीट ते बोअर असा एखादा तडा असेल तर स्लीव्ह घालून, नवी सीट बसवून ब्लॉक वाचतो. तीन असतील आणि भिंतही फाटलेली असेल, तर हिशेब बसत नाही.

मर्क्युरीचा क्रँक आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर पट्टीने मोजावे. हेड काढलेले असताना पिस्टन वरून खाली किती जातो ते पाहावे. 1949 ते 53 च्या मर्क्युरीचा स्ट्रोक 4 इंच, फोर्डचा पावणेचार. मोजायला मिनिटभर लागते, आणि तेवढ्या वेळात पुष्कळ कहाण्या संपतात.

स्ट्रोमबर्ग 97 कार्बोरेटर अंगावरच्या 97 या उठावाच्या आकड्याने ओळखतात. तो आकडा व्हेंचुरीच्या 0.97 इंच व्यासावरून आला. वरचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे असल्याने जास्त आवळून वाकलेले असतात. काचेवर ठेवून डगडगतात का ते बघावे. थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवून पाहावा. तो खुळखुळला, तर कितीही चकचकीत असला तरी खर्चाचा आहे.

ब्रेकच्या बाबतीत लेखक कोणतीही सूट देत नाही. फोर्डला हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये आले, म्हणून त्याआधीचे दांड्यांचे ब्रेक बदलायला सगळे याच सालांच्या मागे लागतात. पण 1939 च्या ड्रमवर चाकाचे बोल्ट सव्वादहा इंचांच्या मोठ्या वर्तुळात असतात आणि 1940 च्या ड्रमवर साडेपाच इंचांच्या. "एकोणचाळीस-चाळीसचे" म्हणून एकत्र विकलेल्या जोडीत दोन्हींपैकी एकेक निघू शकतो. चाके आधी ठरवावीत, मग ड्रम. आणि जुना स्टब एक्सल भुकटीने तपासल्याशिवाय गाडीला लावू नये. आतल्या बेअरिंगच्या मुळाशी जिथे जाडी बदलते, तिथून तो तुटतो. ब्लॉक तडकला तर पैसे जातात. हा तुटला तर चाक निघून जाते.

बॉडीला पातळ कापड गुंडाळलेला चुंबक फिरवावा. जिथे तो सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. 1932 ची चेसिस घेताना डाव्या बाजूच्या वरच्या अंगावर, दोन चांदण्यांमध्ये कोरलेला नंबर शोधावा आणि कागदावरच्या नंबराशी ताडून पाहावा. बाकी सल्ला सगळे देतात तोच : जाणकार मित्राला सोबत न्यावे, घाई करू नये, पावती वाचावी.

दुसरा ब्लॉक लेखकाला एका निवृत्त शाळामास्तरांकडून मिळाला. हेड काढलेला, अंगभर गंज, रंगाचा ठिपका नाही, आणि त्यावर तारेने बांधलेला तपासणीचा कागद. तो 1,300 डॉलरला घेतला. गाडी आता त्याच्यावर चालते.

पहिला ब्लॉक गॅरेजच्या कोपऱ्यात आहे. गेल्या हिवाळ्यात एक तरुण त्यातला क्रँक आणि बेअरिंगच्या कॅप मागायला आला आणि ब्लॉककडेही बघू लागला. लेखकाने त्याला आधी डाव्या भिंतीजवळ खाली बसवले आणि इपॉक्सीवर त्याचे बोट ठेवले. मग वर, खडूच्या तीन गोलांवर. ते गोल त्याने पुसू दिलेले नाहीत.