पंपामुळे मुलगा जाड झाला का?

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. उंची १४८ सेंमी, वजन ६० किलो. दोन वर्षं दम्याचा स्टेरॉइडचा पंप चालू आहे, तरी जिना चढला की धाप लागते. सासूबाई म्हणतात, पंपानेच तो फुगलाय; आधी वजन उतरवा, दमा आपोआप जाईल. पंप बंद करून पाहावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. पंप मनाने बंद करू नका.

पंपातल्या स्टेरॉइडचं माप मायक्रोग्रॅममध्ये असतं. या वयाच्या मुलांना बहुधा दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम दिलं जातं. दम्याचा मोठा अटॅक आला की तीन ते पाच दिवस ज्या गोळ्या देतात, त्यांतून मात्र दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम स्टेरॉइड पोटात जाऊ शकतं. भूक खवळणं, चेहरा गोल होणं हे सगळं या गोळ्यांचे कोर्स वारंवार झाल्यावर दिसतं. आणि रोजचा पंप चुकवणाऱ्या मुलांवर असे कोर्स घ्यायची वेळ जास्त येते. वजनाच्या धास्तीने पंप सोडाल, तर वजन वाढवणारं औषधच घरात आणाल. पंपाचा उंचीवर थोडा परिणाम होतो, हे खरं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षं बुडेसोनाइडचा पंप घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंमी कमी भरली. आटोक्यात नसलेल्या दम्यापुढे हे नुकसान मला किरकोळ वाटतं.

सासूबाईंचं निम्मं म्हणणं मात्र बरोबर आहे. तुमच्या मुलाचा बीएमआय २७ च्या वर जातो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले. त्यांत २७ ही लठ्ठपणाची रेषा मोठ्या माणसांची आहे. १२ वर्षांच्या मुलाची त्याच्या बरीच खाली येते. तेव्हा ‘अंग धरलंय, वयात आला की उतरेल’ असं म्हणून सोडून देऊ नका.

जाड मुलांचा दमा हट्टी असतो. पोटाची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, छातीवर भार येतो, मूल उथळ श्वास घेतं आणि बारीक श्वासनलिका लवकर मिटतात. चरबी स्वतःही सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते, आणि ही सूज स्टेरॉइडला नेहमीच्या दम्याइतकी दाद देत नाही. काही मुलांत तर फुप्फुसं मोठी होतात, पण श्वासनलिकांची रुंदी त्या मानाने मागे राहते. अशा वेळी नुसता डोस वाढवत नेऊन फारसं हाती लागत नाही.

शिवाय जिन्यावरची प्रत्येक धाप दम्याची नसते. बसून राहिलेलं, ६० किलोचं शरीर दुसऱ्या मजल्यावर नेताना कोणालाही दम लागेल. दोन्हींतला फरक कळायला स्पायरोमेट्री हवी : यंत्रात फुंकायचं, मग श्वासनलिका सैल करणारं सॅल्ब्युटामोल देऊन पुन्हा फुंकायचं. दोन वर्षांत ती झाली नसेल तर आता करून घ्या. मुलगा रात्री घोरतो का, घशाशी आंबट येतं का, हेही डॉक्टरांना सांगा. लठ्ठ मुलांत दोन्ही आढळतं आणि दोन्हींमुळे दमा बिघडतो.

आता खाण्याचं. आपल्याकडे दमेकरी मुलाचं दही, ताक, केळी पहिल्या दिवशी बंद होतात, ‘कफ होतो’ म्हणून. मग भूक लागली की हातात काय येतं? चहा-बिस्किटं, खारी, फरसाण. म्हणजे थंड म्हणून केळं नाकारायचं आणि मैद्याला मोकळं रान द्यायचं! एखाद्या पदार्थाने त्याला खरोखरच त्रास होत असेल तर तेवढाच टाळा. उपास नकोत, सप्लिमेंटचे डबे नकोत. हा उंच व्हायचा काळ आहे. वजन नुसतं ६० वर थोपवून धरलं तरी उंचीबरोबर बीएमआय उतरत जाईल. त्यासाठी सगळ्या घराचं ताट बदलावं लागेल, एकट्या त्याचं नव्हे. आणि चारचौघांत त्याला ‘जाड्या’ म्हणणं आजपासून बंद.

पी.टी.च्या तासाला त्याला कडेला बसवत असाल तर तेही थांबवा. आधी दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. खेळताना छाती घट्ट होत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पंधरा मिनिटं आधी निळा, म्हणजे सॅल्ब्युटामोलचा पंप घ्यायचा. पोहणं, सायकल, कबड्डी, त्याला आवडेल ते खेळू द्या.

वजन घटलं की दम्याचा त्रास बहुधा कमी होतो. पण पंपाचा डोस वजनकाट्यावर ठरत नाही. किमान तीन महिने दमा नीट आटोक्यात राहिला की डॉक्टरच तो पायरीपायरीने उतरवतात.

पुढच्या तपासणीला जाताना पंप आणि स्पेसर पिशवीत घाला आणि मुलाला डॉक्टरांसमोर औषध ओढून दाखवायला सांगा. पुष्कळ मुलांचं औषध फुप्फुसात जाण्याऐवजी घशातच राहतं, आणि डोस वाढवण्याआधी तेवढी खात्री करून घ्यायलाच हवी.